पुस्तकात नंबर नसलेली चिप

१/
या धाग्यांतून आपण आजवर शिलालेख पाहिले, मोडी कागद पाहिले, खानदेशातील जुने वाडे पाहिले. आज ज्या साधनाविषयी लिहितो आहे ते हिरव्या पट्टीवर कथिलाने जोडलेले असून त्याचे वय तीस वर्षांहून थोडेसेच अधिक आहे. ते साधन म्हणजे व्हिडिओ गेमच्या मशीनमधला बोर्ड. अशा बोर्डांवरील काही चिप आता मरू लागल्या आहेत. त्यांच्या जागी नव्या घडवता येतात. त्या घडवाव्यात का आणि कोणत्या अटींवर, याविषयी माझे एक ठाम मत झाले आहे. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

२/
सुरुवात माझ्या गावापासून करतो. सावदा, तालुका रावेर, जिल्हा जळगाव. बाहेरच्यांना हे गाव केळीमुळे ठाऊक असते. येथील रेल्वे स्थानकावरून दिल्लीकडे केळीच्या गाड्या भरून जातात. शेजारच्या फैजपूरला डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन भरले, म्हणून पाठ्यपुस्तकाच्या एका ओळीत आमचा परिसर येऊन जातो. परंतु १९९० च्या दशकात येथे वाढलेल्या माझ्या मामांना आणि थोरल्या भावंडांना त्या काळाविषयी विचारले, तर अधिवेशन किंवा निवडणूक यांच्याआधी त्यांना एक अंधारी खोली आठवते. त्या खोलीत दोन-तीन लाकडी मशीन, भोवती मुलांचा घोळका, आणि एका रुपयात एक डाव.

३/
त्या खोलीतील सर्वांत लाडका खेळ ‘मुस्तफा’. त्याचे खरे नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स’. जपानच्या कॅपकॉम कंपनीने तो १९९३ मध्ये काढला. मार्क शुल्ट्झ या अमेरिकी चित्रकाराच्या कॉमिकवर तो बेतलेला होता. खेळात चार नायक. त्यांतील मुस्तफा कैरो हा पिवळ्या टोपीवाला गडी भारतातील पोरांनी असा काही आपलासा केला की खेळाचे इंग्रजी नाव मागे पडले आणि गावोगावी ‘मुस्तफा’ एवढेच उरले. लोकांनी स्वतः ठेवलेले नाव हाही इतिहासाचा पुरावाच असतो. त्या पार्लरमध्ये मुली जवळजवळ नसत, हेही येथेच नोंदवून ठेवतो. ती आठवण गावातील अर्ध्याच मुलांची आहे.

४/
आमच्या गल्लीत टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणारे एक काका आहेत. पार्लर चालू होती तेव्हा मशीन बिघडले की तेच जात. गेल्या दिवाळीत त्यांच्या माळ्यावरून केळीच्या क्रेटमध्ये ठेवलेले दोन बोर्ड खाली आले. दोन्ही ‘मुस्तफा’चेच. एक कॅपकॉमचा अस्सल, तीन पट्ट्या एकावर एक बसवलेला. दुसरा नकली, कोणी केला याचा पत्ता नसलेला. भंगारवाला वजनावर दोन्ही न्यायला तयार होता. काकांनी अस्सल बोर्डाच्या मधल्या मोठ्या चौकोनी चिपवर बोट ठेवले आणि म्हणाले, “भाऊ, याचा नंबर कुठल्याच पुस्तकात नाही.” या एका वाक्याने मला हा धागा लिहायला लावला.

५/
‘पुस्तक’ म्हणजे काय, ते आधी समजून घेऊ. बोर्डावरील बहुतेक चिप सार्वजनिक असतात. त्यांच्या पाठीवर ७४एलएस२४५ यासारखा क्रमांक छापलेला असतो. त्या क्रमांकाची चिप अनेक कंपन्या बनवतात आणि तिचा प्रत्येक पाय कोणते काम करतो हे डेटाबुकात दिलेले असते. ती जळाली तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत तसलीच दुसरी मिळते. काकांची सगळी विद्या या क्रमांकांवर उभी आहे. शाळेत इंग्रजी फारसे न शिकलेला माणूस जपानी यंत्र उघडून दुरुस्त करू शकतो, कारण यंत्राची लिपी सर्वांना उपलब्ध आहे.

६/
कस्टम चिप या नियमाला अपवाद असते. गेम कंपनी आपल्याला हवे तेवढेच तर्ककार्य करणारी चिप कारखान्याकडून खास बनवून घेते. वीस-तीस साध्या चिपांचे काम एका चौकोनात मावते, बोर्ड लहान आणि स्वस्त होतो. तिच्यावर कंपनीचे नाव आणि एखादा अंतर्गत क्रमांक असतो. तिचे डेटाबुक कधी छापले गेलेच नाही, आणि ती बाजारात सुटी विकलीही गेली नाही. ‘मुस्तफा’च्या बोर्डावर अशा दोन प्रमुख चिप आहेत: सीपीएस-ए-०१ आणि सीपीएस-बी-२१. पहिली चित्रांचे तुकडे गोळा करते. दुसरी ते थरांवर थर रचून, कोणता पुढे आणि कोणता मागे हे ठरवून पडद्याकडे पाठवते.

७/
आता काकांच्या बोर्डाचे काय झाले ते. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मशीन बंद पडले, बोर्ड दुकानात आला. त्यावर एक छोटी बॅटरी होती. जुनी बॅटरी पाझरली की तिचे रसायन तांब्याच्या रेषा खाऊन टाकते, हे प्रत्येक कारागिराला माहीत असते. काकांनी ती काळजीपूर्वक कापून काढली, जागा स्पिरिटने पुसली, बोर्ड क्रेटमध्ये ठेवला. त्यांच्या ज्ञानाप्रमाणे त्यांनी केलेले काम शंभर टक्के योग्य होते. त्या दिवसापासून बोर्ड चालू केला की आवाज येत नाही, रंग बिघडतात आणि खेळाडू देखाव्यामागे दडतात. “माझ्याच हातून मेला,” असे ते आजही म्हणतात.

८/
त्यांच्या हातून तो मेला नव्हता. त्या बॅटरीच्या विजेवर सीपीएस-बी-२१ मध्ये काही आकडे जिवंत ठेवलेले असतात. थरांची क्रमवारी कोणत्या पत्त्यावर लिहायची, हे त्या आकड्यांवर ठरते. वीज गेली की चिप ठरावीक मूळ मांडणीवर परतते. खेळ आपले आदेश जुन्या पत्त्यांवर पाठवत राहतो, आणि तेथे आता ऐकणारे कोणी नसते. आवाजाची कथाही अशीच आहे. आवाज चालवणारा प्रोसेसर ‘काबुकी’ या टोपणनावाने ओळखला जातो. तो सांकेतिक भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम उलगडतो, आणि त्याची किल्लीही बॅटरीवरच तग धरून असते. काकांनी बॅटरी काढली नसती तरी काही वर्षांनी ती आपोआप संपलीच असती.

९/
कंपनीने असे का केले? उत्तर सरळ आहे: नकलांच्या भीतीने. १९९१ च्या ‘स्ट्रीट फायटर टू’ने जगभर धुमाकूळ घातला आणि पाठोपाठ त्याचे नकली बोर्डही जगभर पसरले. खेळ चोरून छापणाऱ्याला अडवायचे तर काही भाग असा हवा की जो उघडला की विस्मरणात जाईल. व्यापाऱ्याच्या दृष्टीने ही युक्ती चोख होती. खेळाचे आयुष्य दोन-तीन हंगामांचे, बॅटरीचे कित्येक वर्षांचे. त्यापुढचा विचार करण्याचे कोणाला कारण नव्हते. पण चोरासाठी लावलेले कुलूप पुढे घरच्याच माणसाला बाहेर ठेवते. या युक्तीने चोर किती अडले हे सांगणे अवघड आहे; सावद्याचे एक प्रामाणिक काका मात्र नक्की अडले.

१०/
दुसरा, नकली बोर्ड आम्ही त्याच आठवड्यात उघडला. पडद्यावर उभे पट्टे येत होते. काकांनी लॉजिक प्रोब घेऊन एकेक चिप तपासली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोष सापडला: एक साधी ७४ मालिकेतील चिप. जळगावहून मागवलेली नवी चिप दोन चहांच्या किमतीत आली. ती बसवली आणि पट्टे गेले. मुस्तफा चालू लागला. अस्सल बोर्ड शेजारी आंधळा-मुका पडलेला आणि नकली बोर्ड खेळतो आहे, हे दृश्य पाहताना इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मी थोडा अस्वस्थ झालो. अस्सल दस्तऐवजाला मान आणि नकलेला दुय्यम जागा, हे तर आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलेले असते.

११/
नकली बोर्ड का वाचला? कारण नकलाकाराकडे कॅपकॉमची चिप नव्हती. तिने काय केले असेल हे त्याला बाहेरून ओळखावे लागले, आणि तेच काम साध्या व प्रोग्रॅम करता येणाऱ्या चिपांत वाटून पुन्हा उभारावे लागले. चोरीच्या हेतूने का होईना, त्याने बंद तर्काचे उघड लिपीत लिप्यंतर केले. त्यात चुकाही राहिल्या. या खेळाच्या काही नकली बोर्डांवर मूळ ‘क्यूसाउंड’ ध्वनियंत्रणेऐवजी पीआयसी१६सी५७ हा छोटा नियंत्रक आणि एक साधी आवाजाची चिप बसवलेली आढळते. म्हणजे अशा बोर्डांवर खेळलेल्या मुलांच्या कानांत जे संगीत आजही घोळते, ते मूळ संगीत नव्हेच. आपल्या परिभाषेत याला पाठभेद म्हणतात.

१२/
पाठभेद म्हटले की पुण्याची भांडारकर संस्था आठवणारच. १९१९ ते १९६६ या काळात तेथे महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली. व्यासांच्या हातची प्रत कोणाकडेच नव्हती. शेकडो हस्तलिखिते होती, त्यांत लेखनिकांच्या चुका होत्या, प्रक्षेप होते, प्रांतोप्रांतीचे फरक होते. संपादकांनी त्या नकला एकमेकींशी ताडून पाहिल्या, संहिता निश्चित केली आणि वगळलेले पाठही तळटीपांत जपले. मरणाऱ्या कस्टम चिपचे पुनर्निर्माण म्हणजे नेमके हेच काम आहे. येथे श्लोकाऐवजी विजेचे संकेत आणि पोथीऐवजी सिलिकॉन, एवढाच काय तो फरक.

१३/
बंद चिप ‘वाचण्याच्या’ दोन वाटा आहेत. पहिली बाहेरून. चालू बोर्डावर चिपच्या प्रत्येक पायाला तारा जोडून लॉजिक अॅनालायझरवर नोंद घ्यायची: या संकेतांवर ती असे उत्तर देते, त्या संकेतांवर तसे. लहान चिपच्या बाबतीत सर्व शक्य प्रश्न विचारून सत्यसारणीच तयार करता येते. परंतु चिपला स्मृती असेल, म्हणजे तिचे उत्तर आधी काय घडले यावरही अवलंबून असेल, तर ही वाट अपुरी पडते. साक्षीदाराची उलटतपासणी करून त्याच्या मनात काय आहे हे ओळखण्यासारखे ते काम आहे. बरेचसे कळते, सगळे कळत नाही. आणि साक्षीदार जिवंत असावा लागतो, ही अट तर आहेच.

१४/
दुसरी वाट आतून. चिपचे काळे आवरण तीव्र नायट्रिक आम्लाने विरघळवतात, आतील नखाएवढा सिलिकॉनचा तुकडा मोकळा करतात, सूक्ष्मदर्शकाखाली त्याची शेकडो छायाचित्रे घेऊन एक मोठा नकाशा जोडतात. मग एकेक तार्किक द्वार ओळखून, त्यांना जोडणाऱ्या रेषा मागोवा घेत घेत, संपूर्ण मंडल कागदावर उतरवतात. काम महिनोन् महिने चालते. येथे मेलेली चिपही साक्ष देऊ शकते, हा या वाटेचा मोठा लाभ. हे आम्ल अत्यंत घातक आहे. प्रयोगशाळा आणि जाणकार माणूस असल्याशिवाय कोणीही या वाटेला जाऊ नये, हे स्पष्ट सांगतो.

१५/
ही कल्पनारंजने नाहीत. कामे झालेली आहेत. १९८० च्या ‘पॅक-मॅन’ बोर्डावरील दोन खास घटकांना पर्यायी पट्ट्या आज तयार मिळतात. ‘फर्टेक’ या नावाने काम करणाऱ्या संशोधकाने निओ-जिओच्या चिप छायाचित्रांवरून उलगडल्या. लोइक पेटी यांनी सीपीएस-१ च्या ए आणि बी चिपांची मंडले उकलून खुली केली. कॅपकॉमच्या पुढच्या सीपीएस-२ बोर्डांवरील सांकेतिक कुलूप २००७ मध्ये निकोला साल्मोरिया आणि अँड्रियास नाइव्ह यांनी उकलले. २०१६ मध्ये एदुआर्दो क्रूझ, आर्तेमिओ उर्बिना आणि इयन कोर्ट यांनी बॅटरी संपून मेलेल्या त्याच बोर्डांत किल्ली पुन्हा भरण्याची रीत प्रसिद्ध केली. यांतील बहुतेक काम लोकांनी नोकरी-धंदा सांभाळून केलेले आहे.

१६/
मंडल हाती आले की ते हार्डवेअर वर्णनाच्या भाषेत लिहितात आणि एफपीजीए किंवा सीपीएलडी या प्रोग्रॅम करता येणाऱ्या चिपमध्ये भरतात. जुन्या चिपच्या पायांच्या मापाची पट्टी करून ती बोर्डावर बसवतात. येथे एक व्यावहारिक अडचण आहे. जुने बोर्ड ५ व्होल्टवर चालतात, आजच्या चिप ३.३ किंवा त्याहून कमी. मध्ये संकेतांची पातळी बदलणारे घटक लागतात. आणखी गमतीची गोष्ट अशी की ५ व्होल्टवर थेट चालणाऱ्या अनेक सीपीएलडीही आता बनणे बंद झाले आहे. म्हणजे पर्यायालाही पर्याय शोधण्याची वेळ येणार. यातून निघणारा निष्कर्ष पुढच्या युक्तिवादाला महत्त्वाचा आहे: जपायची वस्तू चिप नसून तिचा लिहून ठेवलेला तर्क आहे.

१७/
आता आक्षेप घेऊ. पहिला: मूळ चिप काढून नवी बसवली तर बोर्ड ‘मूळ’ राहतो का? हा प्रश्न आपल्याला नवा नाही. काशी विश्वेश्वराचे आजचे मंदिर अहिल्याबाई होळकरांनी १७८० मध्ये बांधले. भाविकाला ते अर्वाचीन वाटत नाही. दुसरीकडे, काळ्या पाषाणाच्या कोरीव मंदिराला ऑइलपेंट फासून केलेले ‘जीर्णोद्धार’ही आपण गावोगावी पाहतो. फरक बदल करण्यात नाही. काय बदलले हे पुढच्या माणसाला कळते का आणि तो बदल परत काढता येतो का, यात फरक आहे. सॉकेटमध्ये बसवलेली, तारीख व कारण यांची नोंद असलेली नवी चिप पहिल्या प्रकारात मोडते. मूळ चिप घासून नंबर पुसून टाकणे, हा ऑइलपेंट.

१८/
दुसरा आक्षेप: संगणकावर एम्युलेटर आहेत, खेळ तर तसाच चालतो, मग बोर्ड कशाला? मेम हा प्रकल्प ५ फेब्रुवारी १९९७ ला सुरू झाला आणि जुन्या यंत्रांचे वर्तन नोंदवून ठेवणे हा त्याचा घोषित हेतू आहे. त्याच्याविषयी मला अत्यंत आदर आहे. पण एम्युलेटर म्हणजे भाष्य आहे, पोथी नव्हे. भाष्यकाराला शंका आली तर तो पोथीकडे परत जातो. एखादे दृश्य किती वेगाने सरकते, गर्दी झाली की खेळ कुठे मंदावतो, याचा निकाल शेवटी चालू बोर्डच देतो. सगळे बोर्ड मुके झाले की भाष्याची चूक दाखवणारा कोणी राहत नाही.

१९/
तिसरा आक्षेप कायद्याचा, आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. येथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. खेळाचा प्रोग्रॅम, चित्रे आणि संगीत यांवर प्रताधिकार आहे आणि तो संपलेला नाही. त्याच्या नकला विकणे चूकच. चिपच्या रचनेचा प्रश्न निराळा आहे. भारताच्या २००० सालच्या अर्धवाहक एकात्मिक मंडल रचना कायद्यात नोंदणीकृत रचनेला दहा वर्षांचे संरक्षण आहे, आणि अभ्यास, विश्लेषण, संशोधन व अध्यापन यांसाठी तिचा वापर मोकळा ठेवलेला आहे. तीस वर्षांपूर्वीच्या चिपचा तर्क अभ्यासून मेलेला बोर्ड चालू करणे आणि खेळाच्या नकला छापून विकणे यांना एकाच तराजूत घालणे अन्यायाचे होईल.

२०/
चौथा मुद्दा आक्षेप नाही, माझी स्वतःची तक्रार आहे. पर्यायी चिप बनवणारे काही जण तिचा तर्क गुप्त ठेवतात आणि फक्त तयार पट्टी विकतात. त्यांचे श्रम मोठे आहेत, त्यांना मोबदला मिळालाच पाहिजे, हे मला मान्य आहे. पण विचार करा: पुस्तकात नंबर नसलेली चिप मेली, म्हणून आपण तिच्या जागी पुस्तकात नंबर नसलेलीच दुसरी चिप बसवली. बनवणारा थकला, गेला किंवा कंटाळला, की पुढच्या पिढीतल्या कुठल्यातरी काकांना पुन्हा तेच वाक्य उच्चारावे लागेल. पट्टीची किंमत घ्यावी, पण काही वर्षांच्या मुदतीनंतर तरी मंडल खुले करावे. नाहीतर ती दुरुस्ती ठरत नाही, मरण पुढे ढकलणे ठरते.

२१/
केळीच्या गावचा असल्यामुळे एक गोष्ट सांगतो. बाजारात येणाऱ्या केळीला रुजणारे बी नसते. आमच्या भागातील प्रत्येक केळीचे झाड कंदापासून किंवा अलीकडे ऊतिसंवर्धनाच्या रोपापासून वाढलेले, म्हणजे कोणत्या तरी आधीच्या झाडाची नक्कल असते. झाडाला एकदाच घड येतो, मग ते कापले जाते. तरीही बाग टिकते, कारण शेतकरी कंद कोणापासून लपवत नाही. शेजाऱ्याने मागितला तर देतो. अमुक झाड अस्सल आणि बाकीची नकली, असा वाद बागेत कोणी घालत नाही. प्रश्न एवढाच असतो: कंद निरोगी आहे का, आणि तो कोठून आणला हे ठाऊक आहे का. चिपच्या तर्काकडेही असेच पाहावे, असे मला वाटते.

२२/
बोर्डापलीकडे कागदही आहेत, आणि तेही संपत चालले आहेत. १९२३ च्या करमणूक शुल्क अधिनियमाखाली महाराष्ट्रात व्हिडिओ गेम पार्लरवरही शुल्क आकारले जाई. त्यामुळे जिल्हाधिकारी कार्यालयाच्या करमणूक शाखेत कोणत्या गावी किती मशीन होती याचे कागद तयार झाले. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि राज्याच्या करमणूक शुल्काची ही साखळी संपली. सरकारी अभिलेखांची वर्गवारी असते. मुदत संपली की कागद नष्ट केले जातात. ज्यांना प्रबंधासाठी विषय हवा आहे त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे. बोर्ड, कागद आणि आठवणी ही तिन्ही साधने आज अजून एकत्र उपलब्ध आहेत. दहा वर्षांनी ती तशी नसतील.

२३/
कोणी म्हणेल, पोरांच्या खेळाला एवढा मान कशाला? खानदेशात हा प्रश्न विचारणाऱ्याला मी धुळ्याकडे बोट दाखवतो. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले आणि पुढच्याच वर्षी तेथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. राजवाडे गावोगाव भटकून जे कागद गोळा करीत, ते अनेक घरांच्या दृष्टीने रद्दीच होते. त्यांतूनच १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडाखंडाने प्रकाशित झाली. साधन मौल्यवान आहे हे ठरण्याआधी ते शिल्लक असावे लागते, हा त्यांचा धडा. आपल्या काळातील रद्दीत कागदाबरोबर तांबे आणि सिलिकॉनही आहे.

२४/
म्हणून माझे मत थोडक्यात मांडतो. मेलेली कस्टम चिप बदलावी, बोर्ड चालता करावा. काचेमागे मुका ठेवलेला बोर्ड अर्धाच जपलेला असतो. बदल उघडपणे नोंदवावा: काय काढले, काय घातले, केव्हा, का. काढलेली मूळ चिप त्याच बोर्डाबरोबर पाकिटात ठेवावी. उद्या अधिक चांगल्या सूक्ष्मदर्शकाखाली ती अधिक बोलेल. नवीन चिपचा तर्क खुला असावा. नकली बोर्ड फेकू नयेत. ते पाठभेद आहेत. आणि सर्वांत आधी, दुरुस्ती करणाऱ्यांच्या मुलाखती घ्याव्यात. कोणत्या मशीनची कोणती खोड होती, कमी-जास्त दाबाच्या विजेने काय काय जळे, सुटे भाग कोठून येत, हे ज्ञान त्यांच्या हातांत आहे आणि ते कोठेही लिहिलेले नाही.

२५/
काकांच्या अस्सल बोर्डाचे सांगायचे राहिले. सीपीएस-बी-२१ मरण पावलेली नाही, ती फक्त विसरली आहे. तिच्यात ते आकडे चालू होताना पुन्हा भरणारा छोटा नियंत्रक बसवता येतो. त्याची रीत जाणकारांनी खुली ठेवली आहे. तो प्रोग्रॅम कसा भरायचा हे मी शिकतो आहे, कथिलाचे काम काका करणार आहेत. काबुकीची किल्लीही परत द्यावी लागेल. ते काम अधिक नाजूक आहे, घाई करणार नाही. परवा मी त्यांना सीपीएस-बी-२१ चे उकललेले मंडल छापून दाखवले. चष्मा लावून त्यांनी बराच वेळ पाहिले. मग शांतपणे म्हणाले, “म्हणजे हे आधी कोणी सांगितलं असतं, तर मी बॅटरी चालू बोर्डावरच बदलली असती.”

२६/
त्या कागदाच्या कोपऱ्यात त्यांनी बॉलपेनने तारीख घातली आणि तो आपल्या जुन्या डेटाबुकात, शेवटच्या पानामागे, खोचून ठेवला. पुस्तकात नंबर नव्हता, आता आहे.

तुमच्या गावात असे पार्लर होते का? त्याला काय नाव होते, कोणता खेळ चाले, दुरुस्ती कोण करी? घरातल्या मोठ्यांना विचारा आणि येथे खाली लिहा. शक्यतो गाव आणि साल द्या. व्यक्तींची नावे त्यांच्या संमतीशिवाय देऊ नका. माळ्यावर बोर्ड सापडला तर भंगारात देण्याआधी त्याचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा, आणि बॅटरी दिसली तर कापण्याआधी विचारा.

धागा समाप्त.